लक्षद्वीपमध्ये सेप्टिक टँक पुरेसा का नाही?

प्रश्न : लक्षद्वीपला जाऊन आलो. एवढ्याशा बेटावर पर्यटकांचं सांडपाणी जातं कुठे? सेप्टिक टँक आणि शोषखड्डा पुरेसा नाही का?

उत्तर : आपल्या गावाकडच्या मातीत शोषखड्डा चालतो, कारण माती पाणी गाळते. लक्षद्वीपची जमीन मात्र प्रवाळाची, सच्छिद्र वाळूची. सेप्टिक टँकमध्ये गाळ खाली बसतो, पण जंतू आणि नायट्रोजन पाण्याबरोबर बाहेर पडतात आणि लगेच खाली झिरपतात. तिथे काय असतं? पावसाचं गोडं पाणी, खाऱ्या पाण्यावर तरंगणाऱ्या पातळ थराच्या रूपात. विहिरींना तेच पाणी येतं. उरलेली घाण खाजणात उतरते. शेवाळ माजतं आणि प्रवाळ गुदमरतो.

मग मोठं यंत्र बसवावं का? घाई नको. शुद्धीकरण करणारे जिवाणू रोजच्या खुराकावर जगतात. हंगामात गर्दी आणि पावसाळ्यात शुकशुकाट असेल, तर ते उपाशी मरतात. शिवाय हवा सोडणाऱ्या पंपांना अखंड वीज लागते. छोट्या रिसॉर्टला मला पटतं ते असं : स्वयंपाकघराच्या पाण्याला तेल अडवणारी टाकी, चढउतार सोसणारी साठवण टाकी, त्यापुढे तळाला पक्कं अस्तर असलेला खडी-वाळूचा वाफा आणि त्यात कर्दळ. निघालेलं पाणी फ्लशला वापरा. टाकीतला गाळ वेळच्या वेळी उपसायलाच हवा. हे काम नेहमी टाळलं जातं.

फिलिपाइन्सने 2018 मध्ये बोराकाय बेट सहा महिने पर्यटकांना बंद ठेवलं, त्याचं एक मोठं कारण समुद्रात सोडलेलं सांडपाणी हेच होतं.