अडतीस माणसं, एक ओहोटी

दुपारचे पाऊण वाजले होते. कुलाबा किल्ल्याच्या दरवाजाबाहेर ओल्या कातळावर उभी राहून मी माणसं मोजत होते. अडतीस भरायला हवी होती, एकतीस भरली. पुन्हा मोजली, तरी एकतीसच. समोर अलिबागचा किनारा स्वच्छ दिसत होता. सुरूची झाडं, उभ्या घोडागाड्या, सगळं जागच्या जागी होतं. बदलली होती ती फक्त मधली पुळण. तासाभरापूर्वी जिथून आमची मुलं शिंपले वेचत आली होती, तिथे आता पाणी चकाकत होतं.

सहल आमच्या सोसायटीची होती, पुण्याहून निघालेली, आणि ठरवलेली मी. चार वर्षांच्या मुलीपासून शहात्तर वर्षांच्या आजोबांपर्यंत सगळ्या वयाची माणसं होती. जानेवारीतला शनिवार, त्या दिवशी षष्ठी. ओहोटी साधारण पावणेअकराला पुरी होणार, हे मला ठाऊक होतं. म्हणून साडेनऊला किनाऱ्यावर, दहाला किल्ल्यात, साडेअकराला परत असा बेत मी स्वतः लिहून काढला होता. तो कागद माझ्या पर्समध्येच राहिला. वाटेत मिसळीला सव्वा तास गेला. मग खोल्यांच्या किल्ल्या, सामान, कुणाची गोळी घ्यायची राहिलेली, कुणाला कपडे बदलायचे. किनाऱ्यावर पोचलो तेव्हा सव्वाअकरा होऊन गेले होते.

एका टांगेवाल्याने तेव्हाच सांगितलं होतं, “ताई, जाताय तर जा, पण बाराला तिथून पाय काढा. आज भांगाचं पाणी आहे, लांब जात नाही आणि लवकर फिरतं.” मी मान डोलावली. अडतीस माणसं पुण्याहून आणली आहेत, किल्ला न बघता परत कशी नेऊ, हा एकच विचार डोक्यात होता. सहल नेणाऱ्याला चुकीच्या वेळी पाणी ओलांडायला लावतो तो नेमका हाच विचार. माणसांची निराशा नको म्हणून आपण माणसांनाच धोक्यात घालतो.

किल्ला बघण्यासारखा आहे यात शंका नाही. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधायला घेतलेला आणि संभाजी महाराजांच्या काळात पुरा झालेला, पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं असलेला. आत गणपतीचं देऊळ आहे, चारी बाजूंना खारं पाणी असूनही गोड्या पाण्याचा साठा आहे, उत्तरेच्या तटाजवळ गाड्यांवर ठेवलेल्या दोन इंग्रजी तोफा आहेत. पलीकडे सर्जेकोट. इतकं सगळं पाहायला असलं की माणसं पांगतात. आजी-आजोबा देवळात बसले, मुलं तोफांवर चढली, आणि कॉलेजातली सात पोरं सर्जेकोटाकडे गेली. मी ज्यांना शोधत होते ती हीच.

खरं तर त्या क्षणी एकतीस माणसांना लगेच पुढे पाठवायला हवं होतं, म्हातारी माणसं सर्वांत आधी. मी सगळ्यांना थांबवून धरलं. ‘एकत्र आलो, एकत्रच जायचं’ म्हणून वीस मिनिटं ती सगळी माणसं कातळावर उभी राहिली आणि मी पाण्याकडे बघत राहिले. भरती लाटांवर लाटा घेऊन येईल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. वाळूवर ओहोटीने काढलेल्या वळ्या असतात ना, त्या एकेक करून भरत गेल्या. खेकड्यांच्या बिळांतून बुडबुडे आले. मग दोन वळ्यांमधली वाळूची धार बुडाली आणि सगळं एका पातळीत सपाट दिसायला लागलं. किल्ल्याच्या उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून पाणी सरकत येऊन मध्ये मिळालं. आवाज असा काहीच नाही. त्यामुळे कुणाला भीतीही वाटली नाही.

पोरं आली, आम्ही उतरलो. सुरुवातीला घोट्याइतकं, मग गुडघ्याइतकं, आणि मधल्या सखल भागात कमरेच्या वर. मुलं खांद्यांवर घेतली. तळमजल्यावरच्या काकूंच्या गुडघ्याचं वर्षापूर्वीच ऑपरेशन झालेलं. त्यांना दोघांनी धरलं होतं, तरी शेवाळावर पाय सरकला आणि त्या गळ्यापर्यंत पाण्यात गेल्या. त्यांची चप्पल केव्हाच वाहून गेली होती. अनवाणी पाय खडकावरच्या कालवांवर घासला. कालवाची कड पात्यासारखी असते. त्यांनी माझा दंड असा काही धरला की तीन दिवस बोटांचे वळ होते. तोंडातून शब्द नव्हता, नुसतं धरून ठेवलेलं. तो मघाचाच टांगेवाला गाडी घालून निम्म्यापर्यंत पाण्यात आला, म्हणून काकू आणि आजोबा सुखरूप किनाऱ्याला लागले. काकूंच्या तळपायाला चार टाके पडले. एवढ्यावर निभावलं.

या गोष्टीला काही वर्षं झाली. त्यानंतर मी चार वेळा मोठे गट घेऊन रायगडच्या किनाऱ्यावर गेले आहे. जे शिकले ते सांगते.

समुद्राचं वेळापत्रक आधी बघायचं, मग बसचं, मग जेवणाचं. आपल्याकडे जुना हिशेब आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, तेव्हा भरती तीनच्या सुमाराला आणि ओहोटी त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे, म्हणजे नऊला. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. रोज ही वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. हा झाला ढोबळ अंदाज. नेमक्या वेळा भरती-ओहोटीच्या तक्त्यात मिळतात, त्या पाहाव्यातच. पण घरी कॅलेंडरसमोर उभं राहून सहलीचा दिवस ठरवायला हा हिशेब पुरतो. यातली एक मेख मला तेव्हा कळली नव्हती. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली लांब जातं. अष्टमीच्या आसपास भांग. तेव्हा ओहोटीलाही पाणी पुरतं हटत नाही, चालायला मिळणारा वेळ तोकडा होतो. म्हणजे ‘दुपारी बाराला ओहोटी, किती सोयीचं’ असं वाटणारा दिवस गटासाठी सोयीचा नसतो. कुलाब्याला चालत जायचं तर मी आता चतुर्थीच्या सुमाराचा दिवस धरते. सकाळी नऊची ओहोटी मिळते, ऊन नसतं, आणि चतुर्थीला गणपतीचं दर्शनही होतं. त्यासाठी आदल्या रात्री अलिबागला मुक्काम हवा. पुण्याहून पहाटे निघून हे साधत नाही. मी साधायला गेले होते.

आणि उशीर झालाच तर? किल्ला सोडून द्यायचा. आत असताना पाणी फिरलं तर पाण्यात उतरायचं नाही. हे मला सर्वांत आधी कुणी सांगायला हवं होतं. किल्ला साडेतीनशे वर्षं तिथे उभा आहे, त्याच्यात बसून राहिलं तर काही होत नाही. पाणी पुरेसं चढलं की होड्या चालतात. अर्ध्या पाण्यात होडीही नीट चालत नाही आणि माणूसही नीट चालत नाही, तो मधला वेळ सर्वांत वाईट. सावलीत बसा, किनाऱ्यावर फोन करून होडीची सोय करा. संकट वाटलं तर ११२ आहे, समुद्रातल्या मदतीसाठी तटरक्षक दलाचा १५५४ आहे. हे दोन्ही आकडे माझ्या यादीच्या डोक्यावर लिहिलेले असतात.

यादीबद्दल थोडं. अडतीस माणसं एका माणसाला मोजता येत नाहीत, हलती तर नाहीतच. आता मी सात-आठ जणांची टोळी करते. प्रत्येक टोळीत एक जाणता, आणि त्याला फक्त आपली सात माणसं पाठ. टोळी पुरी झाली की ती निघते, दुसरीसाठी थांबत नाही. जे हळू चालतात ते सर्वांत पुढे, कारण मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाला कुणी ‘चला’ म्हटलं की ते घाई करतं आणि पडतं. मोजणी उतरल्यावर होतेच, ती निघण्याच्या अर्धा तास आधीही करायची, म्हणजे शोधायला वेळ उरतो. पायात मागून पट्टा असलेली सँडल. पुळण मऊ दिसते, पण किल्ल्यापाशी सगळा कातळ आणि कालवं आहेत.

प्रत्येकाने प्रत्येक गोष्ट केलीच पाहिजे हा हट्टही सोडावा. जंजिरा घ्या. राजपुरीहून शिडाच्या होडीने जाणं सुंदरच, किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, लहान मुलं बघतच राहतात. पण हलत्या होडीतून पायरीवर पाऊल टाकायचा तो एक क्षण ज्यांचे गुडघे धड नाहीत त्यांच्यासाठी फार अवघड असतो. आत फिरायला वेळही बेताचाच मिळतो. माझ्या गटातले निम्मे लोक आता राजपुरीच्या धक्क्यावर शहाळं पीत बसतात आणि आनंदात असतात. त्यांच्यासाठी दुसरं काहीतरी ठेवलं म्हणजे झालं. अलिबागजवळ अक्षीला शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा शिलालेख आहे, मराठीतला सर्वांत जुना मानला जाणारा. अलिबाग गावातच कान्होजी आंग्र्यांची समाधी आहे, बेने इस्रायली समाजाचं सिनेगॉग आहे, आणि भूचुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून तिथल्या कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली इथे हलवली, ही गोष्ट शाळकरी मुलांना फार आवडते. तिथे आधी परवानगी काढावी लागते. चौलला रामेश्वराचं देऊळ, रेवदंड्याला पोर्तुगीजांचा पडका कोट. या ठिकाणांना भरती-ओहोटीची पर्वा नाही, म्हणून भरतीचे तास यांच्यात घालवायचे आणि ओहोटीचे किल्ल्यासाठी राखायचे. बेत असा विणला की गर्दीची ओढाताण होत नाही.

मुंबईच्या मंडळींनी गेटवेहून मांडव्याला लाँचने यावं, मुलांना तीच अर्धी सहल वाटते. पावसाळ्यात ती सेवा बंद असते आणि समुद्राच्या सहलीचे ते दिवसही नव्हेत.

पाण्यात डुंबण्याबद्दल मी कठोर झाले आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. आमच्या पुण्यातली घरं होती ती. तेव्हापासून माझा नियम एकच आहे. ओहोटी लागली असताना कुणीही गुडघ्याच्या वर जायचं नाही, कारण तेव्हा पाणी आत ओढतं. काशीदची पांढरी वाळू बघून मोह होतो, पण तिथे तळ झपकन खोल जातो. जीवरक्षक नाही म्हणाला की नाही. दारू प्यायलेला माणूस पाण्यात जाणार नाही, मग तो कुणाचा कोणी का असेना. यावर एका सहलीत एक काका माझ्याशी दिवसभर बोलले नाहीत. चालेल.

गटाला एकत्र आणणारी खरी गोष्ट मला समुद्रात सापडली नाही, ती शेतात सापडली. थंडीत, वालाच्या शेंगा भरल्या की रायगडात पोपटी लावतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, बटाटे, अंडी, हवी तर मसाला लावलेली कोंबडी. तोंडाशी पुन्हा पाला गच्च कोंबायचा. पाण्याचा थेंब घालायचा नाही. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा, काटक्या पेटवायच्या. भांबुर्ड्याचा तो कडसर, हिरवा वास सुटला की माणसं आपोआप गोल करून बसतात. कुणी पांगत नाही, कुणाला शोधावं लागत नाही. शाकाहारी मंडळींसाठी मडकं वेगळं लावायला आधीच सांगून ठेवावं, आणि जाग्यावर पोचेपर्यंत अंधार होतो म्हणून दोन टॉर्च जवळ असावेत.

गेल्या जानेवारीत त्याच काकू पुन्हा आल्या होत्या. किल्ल्यात आल्या नाहीत. सुरूच्या सावलीत खुर्ची टाकून बसल्या आणि माझ्या यादीची दुसरी प्रत त्यांच्या मांडीवर होती. प्रत्येक टोळी किनाऱ्याला लागली की त्या नावांवर खूण करत होत्या. नऊला ओहोटी होती. दहा वाजून वीस मिनिटांनी शेवटच्या नावावर खूण झाली, तेव्हा पुळण अजून कोरडी होती.

तुम्ही गट घेऊन निघणार असाल तर अशी एक खुर्ची आणि यादीची दुसरी प्रत किनाऱ्यावर ठेवा. आणि टांगेवाला बाराला निघा म्हणाला, तर पावणेबाराला निघा.