नोटीस आली म्हणून फाइल पुसू नये

कॉपीराइटची नोटीस ही एका पक्षाची तक्रार असते, कोर्टाचा हुकूम नसतो. नंदुरबार जिल्ह्यात होळी, लग्नातले नाच, भिली-अहिराणी गाणी मोबाइलवर टिपून इंटरनेटवर टाकणाऱ्या बहुतेकांना हा फरक नोटीस हातात पडल्यावरच कळतो.

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावची राजवाडी होळी घ्या. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले गाणे कुणा एकाच्या मालकीचे नसते. ज्याने त्याचे ध्वनिमुद्रण केले, त्याचा हक्क त्या ध्वनिमुद्रणापुरता, प्रसिद्धीनंतर ६० वर्षे. एखाद्या कंपनीने तेच गाणे आधी बाजारात आणले, म्हणून दुसऱ्याने होळीत स्वतः टिपलेल्या आवाजावर तिचा हक्क पोचत नाही. मात्र मिरवणुकीत डीजेवर सिनेमाचे गाणे वाजत असेल, तर तक्रारीला जागा आहे.

कॉपीराइट कायदा १९५७ चा; नोटिशीची तरतूद त्याच्या कलम ५२(१)(ग) मध्ये २०१२ च्या दुरुस्तीने आली आणि २०१३ च्या नियमांतल्या नियम ७५ ने तिला तपशील दिला. तक्रार लेखी हवी. कृती कोणती, मालकी कशी, मजकूर नेमका कुठे, हे तीत हवे, आणि २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणण्याची हमीही. तक्रारीत तथ्य दिसले तर होस्टने, म्हणजे मजकूर ठेवणाऱ्या वेबसाइटने, ३६ तासांत मजकूर बंद करायचा आणि तिथे कारण लावायचे. २१ दिवसांत आदेश आला नाही, तर मजकूर पुन्हा सुरू करता येतो. इतकी सरळ मुदत असूनही गावातले छोटे वेबसाइटवाले भीतीपोटी अख्खी साइट बंद करतात. मायस्पेस या वेबसाइटच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितले, की होस्टला नेमक्या मजकुराची प्रत्यक्ष माहिती हवी. मोघम यादी पुरत नाही.

यूट्यूब मात्र अमेरिकेच्या १९९८ च्या कॉपीराइट कायद्याच्या चाकोरीने चालते. तिथे तक्रारीवरून व्हिडिओ काढला गेला, की चॅनलवर स्ट्राइक लागतो; ९० दिवसांत असे तीन झाले, की चॅनल जाऊ शकते. घाबरून व्हिडिओ डिलीट केल्याने स्ट्राइक जात नाही. प्रतिनोटीस देता येते, पण तीत दिलेले नाव-पत्ता तक्रारदाराकडे जातो, हे धरूनच ती द्यावी.

पण चित्रण आपणच केले याचा पुरावा बहुधा स्वतःच्या हातानेच हरवतो. जागा हवी म्हणून मूळ चित्रण पुसले जाते आणि व्हॉट्सअॅपवरून फिरलेली प्रत तेवढी उरते. तिच्यात कधी, कोणत्या फोनवर टिपले ही नोंद नसते. म्हणून मूळ फाइल मेमरी कार्डासह बाजूला ठेवावी आणि गायक-वादकांची लेखी संमती त्याच दिवशी घ्यावी.

खोट्या नोटिशीने धमकावणाऱ्याविरुद्ध कलम ६० खाली दाद मागता येते. उलट आपलेच गाणे दुसऱ्याने उचलले असेल, तर कलम ६२ प्रमाणे दावा आपण राहतो त्या जिल्ह्याच्या न्यायालयात लावता येतो. त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.