वाचाळ यंत्रास आवर

सॉफ्टवेअर म्हणजे संगणकास दिलेल्या आज्ञांचा संच होय. अनेकांनीं लिहिलेले आज्ञांचे तुकडे जोडून त्यांतून चालूं शकेल असें सॉफ्टवेअर सिद्ध करणें, या क्रियेस बिल्ड म्हणतात. हें काम जेन्किन्ससारखी व्यवस्था आपोआप करविते. पूर्वीं हडसन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या व्यवस्थेस इ. स. २०११ मध्यें जेन्किन्स हें नांव मिळालें.

काम चालूं असतां प्रत्येक पायरीची नोंद एका फाइलींत होत जाते. तिला लॉग म्हणतात. बिघाड कोठें झाला हें शोधण्यास ती फार उपयोगी पडते. परंतु एखादी आज्ञा न संपणाऱ्या फेऱ्यांत सांपडली, म्हणजे तोच तो मजकूर पुनःपुन्हां उमटूं लागतो. समजा, सेकंदास १०० अक्षरांच्या १०,००० ओळी निघाल्या. रोमन लिपींतील एका अक्षरास एक बाइट धरल्यास सेकंदास १ मेगाबाइट, आणि १० तासांच्या रात्रींत ३६,००० मेगाबाइट जागा व्यापेल! सकाळीं पाहावें तों डिस्क भरलेली, आणि ज्यांचा कांहीं अपराध नाहीं अशीं इतरांचीं कामेंही अडलेलीं.

यावर उपाय म्हणून जेन्किन्सला लॉगफाइलसाइझचेकर नांवाचें प्लगइन जोडतां येतें. तें चालूं बिल्डच्या लॉगचा आकार मधूनमधून तपासतें, व ठरविलेली मर्यादा ओलांडली गेल्यास तें बिल्ड थांबवितें. गिटलॅब रनरची रीत निराळी. तेथें मुळांत ४,०९६ किलोबाइटांची मर्यादा असते. तिच्यापुढील मजकूर लॉगमध्यें घेतला जात नाहीं, पण काम चालूंच राहतें. पहिल्या रीतीनें डिस्क व यंत्राचा वेळ दोन्ही वांचतात. दुसरीनें केवळ जागा वांचते, आणि शेवटीं आलेली महत्त्वाची सूचना मात्र गमावण्याचा संभव असतो.

मर्यादा किती असावी? ती फार थोडी ठेविल्यास प्रामाणिक कामही मध्येंच तुटेल. फार मोठी ठेविल्यास ती असून नसल्यासारखी. म्हणून नेहमींच्या यशस्वी कामांचे लॉग किती मोठे होतात हें आधीं पाहावें, व त्याहून कांहीं पट अधिक मर्यादा ठेवावी. आणि काम थांबलें म्हणजे मर्यादा वाढवून मोकळें न होतां लॉगचा आरंभ वाचावा. बिघाडाचें मूळ पुष्कळदां तेथेंच सांपडतें.

अति तेथें माती, ही म्हण यंत्रासही लागू आहे. जें भांडार सर्वांचें आहे, तें एकट्यानें भरून टाकूं नये, हा धडा आपणांसही घेण्याजोगा आहे.