जुनी कॅम्परव्हॅन घेताना : तपासणी, हिशेब आणि एक इशारा

वैद्यकीय व्यवसायात रजा ठरवून मिळत नाही. सहा महिने आधी केलेले हॉटेलचे आरक्षण आयत्या वेळी रद्द करणे, हा आपल्यापैकी अनेकांच्या संसाराचा नित्यक्रम आहे. निजण्याची, स्वयंपाकाची व पाण्याची सोय असलेली गाडी दारात असेल, तर शनिवारी दुपारी दवाखाना बंद करून मांडू, महेश्वर किंवा ओंकारेश्वराकडे निघता येते. नवी कॅम्परव्हॅन मात्र सामान्य मिळकतीच्या आवाक्याबाहेरची असते. त्यामुळे जुनी गाडी घेण्याचा विचार ओघानेच येतो. या वाटेवर प्रस्तुत लेखकाने एकदा पैसे गमावले आणि एकदा त्याहून मोलाचे काही गमावता गमावता वाचले. तो अनुभव सहव्यवसायी बंधुभगिनींच्या उपयोगी पडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

अंदाजपत्रक

पहिली चूक बहुधा येथेच होते. हाती सहा लाख रुपये आहेत म्हणून सहा लाखांचीच गाडी पाहिली जाते. वास्तविक हाती असलेल्या रकमेपैकी निदान एकतृतीयांश रक्कम बाजूला ठेवावी. टायर, बॅटरी, ब्रेक, क्लच, नोंदणीचा खर्च, कर आणि विमा या गोष्टी खरेदीनंतर पहिल्या दोन महिन्यांतच पुढे उभ्या राहतात. सहा लाखांपैकी चार लाख गाडीला, सव्वा लाख यांत्रिक दुरुस्तीला आणि उरलेले कागदपत्रे व अंतर्भागाला, असा साधा हिशेब धरावा. आतील सजावटीला भुलून जास्त किंमत देऊ नये. पडदे व फर्निचर सुताराकडून केव्हाही करून घेता येतात, गंजलेला सांगाडा मात्र बदलता येत नाही.

गाडीची निवड

आपल्याकडे या कामासाठी दोन जातींच्या गाड्या प्रामुख्याने दिसतात. दोघांसाठी, एकदोन रात्रींच्या प्रवासाला मारुती ओम्नी किंवा ईको पुरते. ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले, तरी तिचे यंत्र जाणणारा मिस्त्री गावोगावी सापडतो. चौघांसाठी आणि आत उभे राहता येईल अशा उंचीसाठी टेम्पो ट्रॅव्हलर योग्य. मर्सिडीजच्या आराखड्यावरून बजाज टेम्पोने ही गाडी १९८७ मध्ये आणली. पुढे २००५ मध्ये कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले. आपल्या इंदूरजवळच्या पीथमपूरला तिचा कारखाना आहे, त्यामुळे सुटे भाग व जाणकार कारागीर या भागात सहज मिळतात. स्वस्त गाडी घेताना दुर्मीळ परदेशी नमुन्यापेक्षा असा परिचित नमुना केव्हाही बरा.

कागदपत्रे

माझा पहिला सौदा एका निवृत्त रुग्णवाहिकेचा होता. आत खाट, दिवे, पंखा सारे तयार होते. मध्यस्थाने घाई केली आणि मी पंचवीस हजार रुपये विसार दिला. नंतर कागद पाहिले, तेव्हा गाडी मूळ मालकापासून तिसऱ्या हातात आलेली होती. परंतु एकदाही नावावर झालेली नव्हती. कोऱ्या अर्जांवरील सह्यांवरच तिचा व्यवहार चालला होता. कर्जाचा बोजा तसाच होता आणि नोंदणीत वाहनाचा प्रकार ‘रुग्णवाहिका’ असा होता. विसार परत मिळाला नाही. रुग्णाचा पूर्वेतिहास न विचारता शस्त्रक्रियेला घेतल्याची ती शिक्षा होती.

हस्तांतरासाठी नमुना २९ व ३० लागतात, कर्ज फिटल्याची नोंद नमुना ३५ ने होते आणि परराज्यातील गाडीला नमुना २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. महाराष्ट्रातून अथवा गुजरातेतून गाडी आणल्यास बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ती येथे जुन्या क्रमांकावर ठेवता येत नाही. येथील कर नव्याने भरावा लागतो. म्हणून परराज्यातील ‘स्वस्त’ गाडीची किंमत हा कर मिळवूनच ताडून पाहावी. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीत ज्याचे नाव आहे त्याच्यावर राहते. साहजिकच विकणाऱ्यालाही हस्तांतराची तितकीच निकड असली पाहिजे. ती ज्याला नाही, त्याच्याविषयी शंका घ्यावी.

दुसरी गोष्ट गाडीतील फेरफारांची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीतील तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल परवानगीवाचून करता येत नाही. प्रवासी गाडीतील आसने काढून खाटा बसविल्या असतील, तर तो बदल नोंदणी पुस्तकात आला आहे का, हे पाहावे. नसेल तर परिवहन कार्यालयात आधी चौकशी करावी आणि मगच पैसे द्यावे. विमापत्रातही तोच प्रकार नमूद असावा. वापर एक आणि विमा दुसऱ्याचा असल्यास दाव्याच्या वेळी वाद ठरलेलाच. विमा आपल्या नावे करून घेण्यासाठी हस्तांतरापासून चौदा दिवसांच्या आत अर्ज करावा.

गाडीची शारीरिक तपासणी

रुग्ण तपासताना आपण जो क्रम पाळतो, तोच येथेही लागू पडतो.

निरीक्षण : गाडी दिवसाउजेडी, कोरडी असताना पाहावी. दारांच्या खालच्या कडा, चाकांवरील कमानी आणि चासीचे जोड पाहावेत. समुद्रकाठच्या गाडीत गंज अधिक असतो. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहासात वर्षांचा टायर बदलण्याच्याच यादीत धरावा.

स्पर्श : लहानसा लोहचुंबक जवळ ठेवावा. जेथे तो चिकटत नाही, तेथे पत्र्याऐवजी लांबी भरलेली असण्याचा संभव असतो. छताच्या कोपऱ्यांतील व खिडक्यांखालील लाकूड अंगठ्याने दाबावे. ते मऊ लागले किंवा आत कुबट वास आला, तर पाणी मुरते आहे.

श्रवण : इंजीन थंड असतानाच सुरू करण्यास सांगावे. आपण पोहोचण्यापूर्वीच ते तापवून ठेवलेले असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे, काळा म्हणजे इंधन अधिक जाते आहे. इंजीन तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर असेल, तर थंडावा देणारे पाणी आत शिरत असण्याचा संभव. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसल्यास सौदा तेथेच थांबवावा.

शेवटी गाडी चालवून पाहावी, तीही सपाट रस्त्यावर नव्हे. भेरूघाटासारख्या चढावर क्लच घसरतो का, उतारावर ब्रेक एका बाजूस ओढतो का, हे पाच किलोमीटरांत कळते. सोबत आपला मिस्त्री असावा, विकणाऱ्याने सुचविलेला नको.

पाणी आणि वीज

शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन. त्यात फर्निचर, माणसे व सामान मिळवून गाडी नोंदणीतील कमाल वजनाच्या आत राहते का, हे वजनकाट्यावर पाहावे. बारा व्होल्ट, शंभर अँपिअर-अवर बॅटरीत सुमारे बाराशे वॅट-अवर ऊर्जा असते. शिशाची बॅटरी टिकावी म्हणून त्यातील निम्मीच वापरावी, म्हणजे सहाशे. वीस वॅटचा पंखा आठ तास चालल्यास एकशे साठ, दिव्यांना पन्नास. लहान शीतकपाट एकटेच बाकीचे सारे खाऊ शकते. वातानुकूलन या बॅटरीवर रात्रभर चालेल, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये.

इशारा

दुसरी गाडी नीट पारखून घेतली. पहिल्याच हिवाळ्यात मांडूला मुक्काम केला. रात्री थंडी फार म्हणून खिडक्या लावल्या आणि गॅसची शेगडी मंद ठेवली. तासाभराने पत्नी म्हणाली, ‘‘अहो, डोकं फार जड झालंय, मळमळतंय.’’ मी प्रवासाचा शीण म्हटले. माझेही डोके दुखत होते. पिशवीतील पल्स ऑक्सिमीटर तिच्या बोटाला लावला, आकडा ९८ आला आणि मी निश्चिंत झालो. पुढे काही मिनिटांनी विद्यार्थिदशेतील एक धडा आठवला आणि मी दार उघडून तिला बाहेर ओढत नेले.

तो धडा आपण सारेच जाणतो, तरी उजळणी करतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनशी त्याची आसक्ती प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक आहे. साधा ऑक्सिमीटर कार्बोक्सिहिमोग्लोबिन व ऑक्सिहिमोग्लोबिन यांत भेद करू शकत नाही, म्हणून आकडा फसवा असतो. गुलाबी त्वचेची वाट पाहू नये, ते चिन्ह क्वचित व उशिरा दिसते. एकाच बंद जागेतील सर्वांना एकाच वेळी डोकेदुखी व मळमळ होणे, हीच खरी खूण. उपाय म्हणजे तत्काळ मोकळी हवा आणि शक्य तितक्या लवकर शंभर टक्के प्राणवायू. साध्या हवेत या संयुगाचा अर्धायुकाल चारपाच तासांचा असतो, शुद्ध प्राणवायूवर तो तासदीड तासावर येतो.

आम्ही वाचलो. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोघे मृतावस्थेत आढळले. गाडीतील जनरेटरचा विषारी वायू आत शिरला होता, असे तपासात पुढे आले. म्हणून जुनी गाडी घेताना जनरेटर कोठे बसविला आहे, धुराची नळी कोठे निघते आणि फरशीला भोके किंवा फटी आहेत का, हे प्रथम पाहावे. झोपताना इंजीन, जनरेटर व शेगडी पूर्णपणे बंद असावीत. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो तळाशी साचतो. त्यासाठी फरशीलगत कायम उघडी जाळी हवी, तसेच छताजवळही वायुवीजन हवे. कार्बन मोनॉक्साइडचा सूचक यंत्रघंटा आणि अग्निशामक नळकांडे यांचा खर्च पडद्यांच्या खर्चापेक्षा कमी असतो.

थोडक्यात सांगायचे तर, आधी कागद, मग सांगाडा, मग इंजीन, मग हवा येण्याजाण्याच्या वाटा आणि सर्वांत शेवटी शोभा. हा क्रम पाळला तर थोड्या पैशांतही चांगली गाडी मिळते. आमची गाडी आजही दारात उभी आहे. तिच्या छताजवळची जाळी थंडीत बोचरा वारा आत सोडते आणि पत्नी ती कधीही बंद करू देत नाही.