रांगेतले गणपती

माझं घर पेणला, शेजारी गणपतीचा कारखाना. नोकरी रोह्याला, धाटावच्या एका प्रयोगशाळेत. सांडपाण्याच्या चाचण्यांचे आकडे ‘आर’ या संगणकभाषेत तपासायचं काम अंगावर आलं, तेव्हा पुस्तकाइतकंच शेजारानेही शिकवलं.

१. आधी रांग बघा, मग मूर्ती.
सुरुवातीला मी एकेका नोंदीसाठी ‘फॉर’चा फेरा लिहायचे. कारखान्यात मात्र पितांबराचा पिवळा हातात घेतला की कारागीर अख्खी फळी पिवळी करूनच उठतो. व्हेक्टराइज्ड फंक्शनचं काम असंच: हुकूम एकदा, हात साऱ्या रांगेवर.

२. एकटा आकडाही रांगच.
‘आर’मध्ये सुटा ७ हासुद्धा एका घराचा व्हेक्टर असतो. त्यामुळे एका नमुन्याला चालणारं ‘पीएच > ९’ नऊशे नमुन्यांनाही तसंच चालतं.

३. फेरा संपत नाही, खाली उतरतो.
व्हेक्टराइज्ड फंक्शनच्या आत ‘सी’ भाषेत लिहिलेला फेरा फिरतच असतो. वाचतो तो दर आकड्यामागे आज्ञा नव्याने उलगडण्याचा वेळ. ‘एस-अप्लाय’ दिसायला नीटनेटकं, पण तुमचं फंक्शन ते एकेका आकड्यासाठी हाक मारूनच चालवतं. त्याच्याकडून वेगाची फार आशा धरू नका.

४. ‘इफ’ला एकच प्रश्न विचारा.
पीएच ५.५ ते ९ च्या बाहेर गेलेले नमुने शोधायला मी सगळी रांग ‘इफ’पुढे उभी केली. पूर्वी ते पहिल्याच आकड्याचं ऐकून नुसता इशारा द्यायचं. २०२२ च्या ४.२.० आवृत्तीपासून सरळ अडून बसतं. मला हे अडणंच बरं वाटतं. रांगेसाठी ‘इफएल्स’ आहे.

५. रांग दिली म्हणून रांगच परत येईल असं नाही.
सकाळ-संध्याकाळच्या जोडीतला रोजचा मोठा आकडा हवा होता. ‘मॅक्स’ने महिन्याचा मिळून एकच हातावर ठेवला. जोडीजोडीने बघतं ते ‘पीमॅक्स’.

६. मुकी चूक सगळ्यात महाग.
शेजारच्या काकांची बिलं मी हौसेने ‘आर’मध्ये केली. मूर्ती बारा, उंचीप्रमाणे दर तीन. कुठल्या मूर्तीला कुठला दर, हे जुळवायचंच राहिलं. ‘आर’ने तेच तीन दर ओळीने चारदा फिरवले आणि चकार शब्द काढला नाही. मूर्ती दहा असत्या तर निदान इशारा आला असता. बाराला तीनने पूर्ण भाग जातो, इथेच घात झाला. काका बिल बघून म्हणाले, “अगं, फूटभर गणपतीला दोन फुटीचा भाव? गिऱ्हाईक पुन्हा दारात येईल का?” तेव्हापासून गुणाकाराआधी मी दोन्ही रांगांची लांबी मोजते, आणि क्रमही ताडून बघते.

७. काही कामं फेऱ्याचीच.
आजचा आकडा कालच्या उत्तरावर अवलंबून असेल, तर फेरा लिहायला लाजू नका. साध्या चढत्या बेरजेला ‘कमसम’ आहे, पण प्रत्येक हिशेबाला असं तयार फंक्शन नसतं. फक्त उत्तरांची जागा आधी मांडून ठेवा; एकेक घर वाढवत गेलात तर जुन्या रांगेची पुन्हा पुन्हा नक्कल होते.

पिवळा रंग फळीभर एका दमात लागतो. डोळ्यांची आखणी मात्र काका स्वतः करतात, एकेका मूर्तीपुढे बसून. दुसरा डोळा पहिल्याकडे बघूनच उतरतो. तिथे त्यांना कुणी घाई करत नाही.