हॉटेल कामगाराची मजुरी आणि शरीअत

सूरह अल्-क़ससमध्ये हजरत मूसा (अ.) यांच्या मदयनमधील वास्तव्याचा प्रसंग आला आहे. मिसर सोडून आलेला निराधार, भुकेला तरुण आणि त्याला कामावर ठेवू पाहणारे वृद्ध गृहस्थ. समोरचा गरजू आहे म्हणून त्यांनी मोबदला मोघम ठेवला नाही. मुदत आठ वर्षांची, मोबदला काय, हे आधी सांगितले, पुढची दोन वर्षे मूसा (अ.) यांच्या मर्जीवर सोडली आणि आपण त्यांच्यावर कष्ट लादू इच्छित नाही, हेही स्पष्ट केले. ‘इजारा’ म्हणजे मजुरीचा करार. ‘हिदाया’ या फिक्हच्या ग्रंथात काम आणि मोबदला दोन्ही ज्ञात असणे ही त्याची अट सांगितली आहे.

वाचकहो, आता आपल्या बुलढाणा जिल्ह्याकडे पाहा. खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर येथील चहा-नाश्त्याची हॉटेले, महामार्गावरचे ढाबे, होळीच्या सुमारास सैलानीच्या यात्रेत उभी राहणारी तात्पुरती दुकाने. यांतील कित्येकांचे मालक आपलेच बांधव आहेत, कामगारही. तेथे करार कसा होतो? “तू घरचाच आहेस, आधी काम तर पाहू.” या गोड वाक्याने महिना सरतो आणि पगार मालकाच्या मनावर राहतो. शरीअतच्या दृष्टीने असा करार सदोष ठरतो. मात्र काम करून घेतले असेल तर त्या कामाची प्रचलित मजुरी, ‘उजरत-ए-मिस्ल’, द्यावीच लागते. देशाचा कायदाही हेच बजावतो. किमान वेतनाचा कायदा 1948 मध्ये झाला. ठरलेल्या दरापेक्षा कमी घेण्यास कामगाराने स्वतः होकार दिला, तरी तो होकार ग्राह्य नाही. आणि चौदा वर्षांखालील मुलाला कपबशा धुण्यास ठेवणे तर 10 ऑक्टोबर 2006 पासून हॉटेल-ढाब्यांत सरळ गुन्हा आहे.

आता एक मसला नीट समजून घ्या, कारण आपल्याकडे सर्वाधिक अन्याय येथेच होतो. जो कामगार ठरलेल्या वेळेसाठी एकाच मालकाच्या स्वाधीन असतो, त्याला ‘अजीर-ए-ख़ास’ म्हणतात. वेटर, आचारी, भट्टीवाला हे सारे यातच येतात. त्याची मजुरी केवळ कामावर नव्हे, तर वेळेवर हजर राहून स्वतःला सोपविण्यावर लागू होते. म्हणून “आज गिऱ्हाईकच नव्हते” असे म्हणून अर्धी हजेरी लावणे जायज नाही. मंदी हा मालकाच्या धंद्याचा धोका आहे. तेजीत नफ्याचा वाटा कुठे मागितला जातो?

तसेच फुटलेल्या ग्लासांचे. अजीर-ए-ख़ासच्या हातातील वस्तू अमानत असते. मुद्दाम किंवा उघड बेपर्वाईने मोडली, तरच भरपाई. गर्दीत ट्रे निसटला, तर पगारातून पैसे कापणे हे हक्क मारणेच होय. कामावर ठेवून पूर्ण काम घेतले आणि मजुरी दिली नाही, अशा माणसाविरुद्ध कयामतच्या दिवशी स्वतः अल्लाह फिर्यादी असेल, असे बुखारी शरीफमधील हदीसमध्ये आले आहे. त्याच ग्रंथात, जेवण रांधून आणणाऱ्या सेवकाला सोबत बसवा, नाहीतर निदान एक-दोन घास द्या, कारण आच त्यानेच सोसली आहे, अशीही शिकवण आहे. पण घास ही मजुरी नव्हे. “जेवण-खाण तर इथेच होते” हे उत्तर पगाराच्या जागी चालत नाही.

रमजानमध्ये याचेच दुसरे रूप दिसते. काही मालक कामगाराला जकातची रक्कम देतात आणि मनात ती थकलेल्या पगारात किंवा ईदच्या ठरलेल्या बोनसमध्ये धरतात. अशाने जकात अदा होत नाही. कामगार खरोखर हक्कदार असेल तर त्याला जकात अवश्य द्यावी, पण पूर्ण पगार चुकता केल्यावर, वेगळी, आणि त्या बदल्यात जादा कामाची अपेक्षा न ठेवता.

एक प्रश्न उरतो: पूर्वी कोणाचा पगार दाबला आणि तो गाव सोडून गेला, तर? त्याचा शोध घ्यावा. तो वारला असेल तर वारसांना द्यावे. प्रयत्न करूनही कोणी सापडले नाही, तर तेवढी रक्कम त्याच्या वतीने गरिबाला सदका करावी. आणि नंतर तो परतून आला व त्याने मागणी केली, तर पुन्हा द्यावी.