कुलाबा किल्ला जवळ कसा येतो

अलिबाग

चि. सायली,

टेली लेन्स किल्ला माणसाच्या पाठीशी आणून उभा करते आणि वाइड लेन्स त्याला दूर ढकलते, असं तू लिहिलंस. हे लेन्स करत नाही. तू कुठे उभी राहतेस त्यावर ते ठरतं. हिशेब मांडून बघ. समज, कुलाबा किल्ला तुझ्यापासून हजार मीटरवर आहे आणि वाळूत उभी असलेली मैत्रीण दोन मीटरवर. २४ मिमीने फोटो घेतलास. आता तिला तिथेच ठेवून १८ मीटर मागे सर आणि २४० मिमी लाव. अंतर दहापट, फोकल लेंग्थही दहापट, म्हणून मैत्रीण पहिल्याएवढीच दिसेल. किल्ल्याचं अंतर मात्र हजारावरून १०१८ इतकंच झालं, म्हणून तो जवळजवळ दहापट मोठा. शेजारच्या सर्जेकोटाचं त्याच्याशी असलेलं प्रमाण तसूभर बदलत नाही, कारण दोन्ही मुळातच दूर. तरी शंका उरली, तर त्याच मागच्या जागेवरून २४ मिमीने फोटो घे आणि मधला तुकडा कापून मोठा कर. माणूस आणि किल्ला यांचं नातं २४० मिमीच्या फोटोसारखंच निघेल.

तू म्हणशील, मग वाइडने नाक मोठं का येतं? कारण चेहऱ्याने फ्रेम भरायला तू फार जवळ जातेस. नाक ३० सेंटिमीटरवर आणि कान ४२ वर असेल, तर नाक कानाच्या मानाने १.४ पट मोठं उमटणारच; दोन मीटरवरून हाच फरक जेमतेम सहा टक्के. फ्रेमच्या कडेला चेहरा ताणला जातो, तो दोष मात्र खरोखर वाइडचा. म्हणून माणसाला कोपऱ्यात ठेवू नकोस. आणि सगळं कापूनच भागत असेल तर महागडी टेली कशाला, हा आक्षेप रास्त आहे. दहापट कापलंस तर २४ मेगापिक्सेलमधले पाव मेगापिक्सेलसुद्धा उरत नाहीत. लेन्स लागते ती निवडलेल्या जागेवरून फ्रेम भरायला. आधी जागा ठरव, मग लेन्स काढ.

भरतीत वाळूचा पट्टा अरुंद होतो, मागे सरायला जागा राहत नाही, आणि नुसता झूम फिरवून ती मिळत नाही. दुपारी तापलेल्या हवेतून टेलीत तट थरथरतो. सकाळी ऊन किनाऱ्याकडच्या तटावर थेट पडतं. तेव्हा भरती-ओहोटीचं कोष्टक बघून सकाळी ओहोटी असेल असा दिवस निवड.

तुझा मामा